प्रस्तावना : सगळीच घडणावळ

फुलांचे दागिने आणि दागिन्यांतली फुले या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. चंपाकळी आणि बकुळीहार, फुलाच्या घाटाच्या मोत्यांच्या कुड्या, अंबाड्यावर खोचावयाचा सोन्याचा केवडा आणि गुलाब, ही सारी सोनाराने बागेतून उसनी आणलेली रूपे. आणि उलट बाजूने पाहू गेल्यास डोहाळजेवणाच्या दिवशी गर्भिणीला घालतात ती फुलांची वाडी, जिच्यात मुकुटापासून बाजूबंदापर्यंत आणि कंबरपट्ट्यापासून अंगठीपर्यंत सगळा साज मोगऱ्याच्या नि शेवंतीच्या कळ्यांतून पुन्हा उभा केला जातो, ती म्हणजे त्या उसनवारीची माळ्याने व्याजासह केलेली वसुलीच म्हणावयाची. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांनी या देवघेवीत साखरेलाही ओढले. ज्या समाजात नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेवर साखरेचे मंगळसूत्र आणि साखरेची बिंदी शोभून दिसते, त्या समाजात सुती दोऱ्याच्या फुलाने दागिन्याची जागा मागावी यात अघटित असे काही नाही. अघटित एवढेच की ही मागणी इतक्या उशिराने दाखल झाली आणि दाखल झाल्यावरही तिची गणना बराच काळ मुलींच्या हस्तकलेच्या नमुन्यांतच होत राहिली.

प्रस्तुत पुस्तक हे त्या मागणीचे रीतसर निवेदन आहे. लेखिका स्वतः विणणाऱ्या आहेत, अनेक वर्षे शिकवणाऱ्याही आहेत. कर्णफुले, गजरे, गळ्यातले सर, केसांतल्या पिना, मनगटावरचे पट्टे यांचे नमुने त्यांनी टाका न् टाका मोजून, आकृत्यांसह, ज्या निगुतीने मांडले आहेत ती पुढील पानांत वाचकाला दिसेलच. प्रस्तावनाकाराने ग्रंथाची स्तुती करावी असा आपल्याकडे शिरस्ता आहे, आणि तो पाळण्यात मला अडचण नाही. परंतु स्तुतीपेक्षा या कलेची पूर्वपीठिका आणि तिचा जमाखर्च वाचकापुढे ठेवणे मला अधिक उपयोगाचे वाटते. नमुना हाती असला म्हणजे फूल विणता येते. ते फूल काय मोलाचे आहे हे मात्र नमुना सांगत नाही, आणि ज्याला मोल ठाऊक नाही त्याच्या हातून ते एकतर फुकट वाटले जाते किंवा मातीमोलाने विकले जाते.

प्रथम या विणीचे, म्हणजे क्रोशाचे, मर्म पाहू. दोन सुयांच्या विणकामात, म्हणजे आपण स्वेटर विणतो त्या प्रकारात, ओळीतले सगळेच टाके सुईवर एकाच वेळी जिवंत असतात; त्यांतला एक सुटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात एका वेळी जिवंत असतो तो एकच फासा. त्या फाशात आकड्याची सुई आहे, सुईच्या आकड्यावर दोरा आहे, आणि विणणारीला मुभा अशी की पुढचा टाका कोठे घालावयाचा हे तिने ऐन वेळी ठरवावे: ओळीत पुढे, ओळीच्या पाठीमागे, मागच्याच भोकात पुन्हा पुन्हा, किंवा सगळ्या कामाला वळसा घालून अगदी मध्याशी. एकाच भोकात सहा-सात खांब घातले की ते आपोआप पंख्यासारखे पसरतात आणि पाकळी होते. दोन-तीन खांब अपुरे ठेवून एका ओढीत मिटवले की कळी होते. खांबांची उंची कमी करीत नेली की टोक होते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि दुहेरी खांब या पाच पायऱ्यांच्या चढउतारातून जी वक्ररेषा निघते तिच्यावरच सारी पुष्पसृष्टी उभी आहे. सरळ कडेचा रुमाल क्रोशाला येतो, पण त्याच्या स्वभावातली गोष्ट म्हणाल तर ती गोलाकार, मध्यातून बाहेर उमलत जाणारी आकृतीच होय.

ह्याच स्वातंत्र्यामुळे आणखी एक परिणाम घडला आहे, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन सुयांचे विणकाम १५८९ साली विल्यम ली या इंग्रज धर्मोपदेशकाने यंत्रावर चढवले; त्या यंत्राच्या वंशजांनी पुढे जगाला मोजे आणि गंजिफ्राके पुरवली. क्रोशाचे तसे झाले नाही. सुया ओळीने मांडून सगळे टाके एकदम धरून ठेवणे हे यंत्राला जमते. पण विणून झालेल्या कापडात हव्या त्या ठिकाणी आकडा शिरवावा, दोरा लपेटावा, फासा ओढून काढावा आणि क्षणात दिशा बदलून दुसरीकडे वळावे, हे कारखान्याच्या हिशेबात आजतागायत बसलेले नाही. बाजारात क्रोशाची म्हणून जी वारावर मोजून मिळते ती लेस बहुधा यंत्रावर ताण्याच्या दोऱ्यांनी विणलेली तरी असते, नाहीतर विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करून मागाहून ते कापड नाहीसे केलेली तरी असते. भिंगाखाली धरली की फासे सरळसरळ निराळे दिसतात. याचा अर्थ असा की खऱ्या क्रोशाचे फूल, मग ते पॅरिसच्या दुकानात दिसो की दादरच्या पदपथावर, ते कोणाच्यातरी हातांनी, एक एक फासा ओढून केलेले असते, आणि त्याला अपवाद नाही.

आता सोनाराच्या दुकानी चला. तेथे पावतीवर सोन्याचे वजन निराळे लिहितात आणि घडणावळ निराळी लिहितात. दागिना मोडीत निघाला की घडणावळ बुडते, सोने उरते. दोऱ्याच्या दागिन्यात हा हिशेब उलटा आहे. त्यात मोडीत काढण्याजोगे काही नाही. धातूची कडी आणि चार-दोन मणी वगळले तर मालाची किंमत नगण्य. उरते ती सगळी घडणावळ. ज्या वस्तूचे संपूर्ण द्रव्यच मानवी वेळ आहे, अशा वस्तू आपल्या व्यवहारात फार थोड्या राहिल्या आहेत.

या कलेचा इतिहास शोधू जाता सुरुवातीची पाने धूसरच आहेत. अठराव्या शतकात युरोपात ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीटाका घालण्याचे भरतकाम लोकप्रिय झाले, ते पूर्वेकडून गेले असे मानतात. कच्छच्या मोच्यांची आरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कुळाची ओळख पटवावी लागणार नाही. पुढे कोणाच्यातरी लक्षात आले की खालचे कापड काढून टाकले तरी साखळी आपल्या पायांवर उभी राहते, आणि त्यातून क्रोशा जन्मास आला, असा एक मतप्रवाह आहे. छापील नमुने मात्र १८२३ च्या एका डच मासिकापासून सापडतात. एवढ्यावरून असे दिसते की सोने, मोती किंवा मलमल यांच्या मानाने ही विद्या अगदीच अलीकडची आहे. आणि अलीकडची असूनही तिने ज्या वेगाने घराघरांत प्रवेश केला त्याचे कारण शोभेपेक्षा भुकेत अधिक सापडते.

ती भूक आयर्लंडची. १८४५ साली तेथील बटाट्यावर रोग पडला आणि पुढली सहा-सात वर्षे दुष्काळाने तो देश उजाड केला. लाखो माणसे मेली, लाखो परागंदा झाली. कॉर्क शहराजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन पंथाच्या जोगिणी याच दशकात मुलींना क्रोशा शिकवीत होत्या. मॉनहन परगण्यातील क्लोन्स या गावी तेथल्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिने १८४७ च्या सुमारास ही विद्या दुष्काळग्रस्त कुटुंबांच्या हाती दिली. आणि लंडनमध्ये रिएगो द ला ब्रँशार्दियेर नावाच्या बाईने नमुन्यांची पुस्तके छापून त्या कामाला ग्रंथाधार मिळवून दिला. व्हेनिसची सुईने केलेली जाळी ही धनिकांची चीज होती आणि तिला महिन्यांचे महिने लागत. आयर्लंडच्या शेतकरी बायकांनी तिची फुले आकड्याच्या सुईने, पुष्कळ थोड्या वेळात, साधली. त्या पैशातून घरभाडी भागली, आणि अमेरिकेला निघालेल्या कित्येकांच्या जहाजाची तिकिटेही निघाली. घराण्यांनी आपापली फुले गुप्त ठेवली, असे सांगतात. आणि गायनातल्या घराण्यांनी चिजा कशा दडवल्या हे ज्या महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे त्याला यात आश्चर्य वाटू नये.

आयरिश पद्धतीकडे थोडे थांबून पाहणे अगत्याचे आहे, कारण आज जगात कोठेही क्रोशाचा फुलदागिना होतो तेव्हा त्याच्या रचनेत बहुधा या पद्धतीचा अंश असतो. तीत सबंध कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विणीत नाहीत. गुलाब, पान, द्राक्षाचा घोस, त्रिदळ, चक्र ही प्रत्येक आकृती सुटी विणतात. मग कागदावर किंवा कापडावर आराखडा काढून त्यावर त्या आकृत्या उलट्या टाचतात, मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरतात, आणि शेवटी टाचणीचे टाके कापून सगळे काम त्या कापडापासून मोकळे करतात. जाळीत जागोजाग साखळीभोवती दोरा पुन्हा पुन्हा लपेटून एका ओढीत मिटवलेली जी दाणेदार गाठ दिसते तिला क्लोन्स गावाचेच नाव मिळाले आहे. यातले गुलाबाचे फूल मला या सर्व विद्येचे शिखर वाटते. मध्ये कडे, कड्याभोवती साखळ्यांच्या सहा कमानी, प्रत्येक कमानीवर मुका खांब, अर्धा खांब, काही पूर्ण खांब आणि पुन्हा उतरत अर्धा व मुका, अशी एक पाकळी. येथवर फूल चपटे आहे. पुढच्या फेरीत सुई पाकळ्यांच्या पुढून न नेता पाठीमागून नेतात, मागच्या फेरीच्या देठांना धरून थोड्या लांब कमानी घालतात आणि त्यांवर अधिक खांबांच्या मोठ्या पाकळ्या विणतात. तिसऱ्यांदा तेच, आणखी मोठ्या मापाने. दरम्यान पाकळीच्या कडेत चार-पाच पदरी जाड दोरा आडवा धरून त्यावरून टाके घातले की कड उचलली जाते. फूल हातात घेऊन उलटे करावे म्हणजे पाठीमागे त्या कमानींचे मजले एकावर एक चढलेले दिसतात. पुढून मात्र ते रहस्य कोणाला कळत नाही. छातीवर लावण्याच्या ब्रोचसाठी असा गुलाब पुरेसा आहे, त्याला खडा, मोती काही लागत नाही. पुस्तकातील सातव्या नमुन्यावर लेखिकेने मध्ये चमकीचा मणी सुचवला आहे. तो वाचकाने खुशाल वगळावा असे माझे मत आहे, आणि त्याबद्दल लेखिकेची क्षमा मागतो.

दुसरी परंपरा तुर्कस्तानची. तेथे बायकांच्या ठसे छापलेल्या डोक्यावरच्या रुमालांना कडेने जी फुलांची झालर लावतात तिला ओया म्हणतात. ती साध्या सुईने करतात, क्रोशाच्या सुईने करतात, धोटीने करतात, मणी ओवूनही करतात. अत्यंत नाजूक, उभ्या पाकळ्यांची फुले साध्या सुईची, आणि जलद होणारी, रोजच्या वापराची बहुतेक झालर क्रोशाची. पाकळी ताठ राहावी म्हणून पूर्वी तिच्या कडेत घोड्याचा केस घालीत. पण ओयाची कीर्ती कारागिरीइतकीच तिच्या बोलकेपणामुळे आहे. अॅनातोलियाच्या खेड्यांत लाल मिरच्यांची ओया डोक्यावर दिसली की बाईचे नवऱ्याशी बिनसले आहे असे शेजारपाजार समजे; हिरव्या कुरणाची ओया म्हणजे घरात सासूशी गोडी आहे; आणि थडग्याच्या दगडाच्या आकृतीची ओया सासूला नजर केली तर तिचा अर्थ सांगण्याची गरजच नसे. आपल्याकडे हे सारे काम जात्यावरच्या ओवीने केले. जेथे तोंडाने बोलण्याची मुभा नव्हती तेथे बोटे बोलली. शिवाय हा अलंकार केवळ बायकांचा नव्हे: एजियन किनाऱ्याकडील डोंगराळ मुलखातले एफे म्हणून ओळखले जाणारे बंडखोर वीरही आपल्या फेज टोपीभोवती फुलांच्या ओयाचे रुमाल गुंडाळीत, आणि कमरेला शस्त्रे लावून हिंडणाऱ्या त्या मिशाळ पुरुषांना त्यात काही विपरीत वाटत नसे. आज रुमाल मागे पडला, पण झालर उरली. तीच आता कापून, दुमडून, पदर एकत्र वळून गळ्यातल्या माळा म्हणून इस्तंबूलच्या बाजारात विकली जाते. वस्त्राच्या कडेवरचे फूल दागिना कसे होते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले, आणि ते वाचताना मन प्रसन्न राहत नाही. गोदावरी जेथे समुद्राला मिळते त्या आंध्रच्या मुलखात नरसापूर आहे. नाशिकजवळ ज्या नदीत आपण स्नान करतो तिच्याच मुखाशी, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवलेले क्रोशाच्या लेसचे काम आजही हजारो बायकांच्या हाती आहे, आणि २०२४ साली त्या मालाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथे राहून केलेला अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी जे दाखवले त्याचा इत्यर्थ असा: परदेशी जाणारा हा माल दिवसाचे कित्येक तास राबून विणला जातो, पण विणणाऱ्या बाया गृहिणी समजल्या जातात आणि त्यांचे काम फावल्या वेळचे, त्यामुळे त्यांची गणना कामगारांत होत नाही, आणि मजुरी किमान वेतनाच्या जवळपासही पोचत नाही. कामाची वाटणीही अशी की एकीने फुले विणावयाची, दुसरीने ती जोडावयाची, व्यापार पुरुषांनी करावयाचा. ज्या हातांनी फूल केले त्या हातांना पुरी चादर क्वचितच दिसते. आयर्लंडमध्ये ज्या विद्येने दुष्काळात घर तारले तीच विद्या येथे घराच्या भिंतीआड राहिल्यामुळे हिशेबातून निसटली. घडणावळ कोणी लिहून ठेवलीच नाही.

महाराष्ट्रात क्रोशा आला तो मिशनऱ्यांच्या शाळांतून, मुलींच्या शिवणवर्गांतून आणि शेजारणीच्या ओसरीवरून. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तर तो पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. आपल्याकडे त्याने प्रथम निर्जीव वस्तूंना सजवले: रेडिओवरचे आच्छादन, माठावरचे झाकण, ज्याच्या कडेला वाऱ्याने उडू नये म्हणून मणी लावीत, दारावरचे तोरण, बाळाचे टोपडे. आणि या सगळ्याचे जाहीर प्रदर्शन म्हणजे रुखवत. लग्नमंडपात मांडलेल्या त्या टेबलाशी वरपक्षाच्या बायका घोळका करून उभ्या राहत, रुमाल उलटून पाठीमागच्या गाठी पाहत आणि वधूच्या हाताची परीक्षा घेत. परीक्षा इतकी कडक असूनही त्या कामाचे मोल कोणी रुपयांत केले नाही, कारण ते मोल करावयाचे असते हेच कोणाच्या मनात आले नाही. आता हीच वीण टेबलावरून उठून कानागळ्यात आली आहे. डोहाळजेवणाची वाडी दोऱ्याच्या फुलांची मागवतात, हळदीला पिवळ्या फुलांचे साज मागवतात, विणलेला मोगऱ्याचा गजरा तर शहरी नोकरदार स्त्रियांत चांगलाच रूढ झाला आहे. तो सुकत नाही, कपड्यांवर डाग पाडीत नाही, आणि परदेशी असलेल्या लेकीला टपालाने पाठवता येतो. त्याला वास नाही, ही उणीव मात्र कोणत्याही कौशल्याने भरून निघण्यासारखी नाही. अत्तराचा थेंब टाकणाऱ्यांना मी हात जोडतो, कारण त्याने दोऱ्यावर पिवळा डाग पडतो आणि मोगरा काही होत नाही.

कोणते फूल दोऱ्याला मानवते हा विचार लेखिकेने मार्मिकपणे केला आहे. बकुळ त्यांत अग्रस्थानी. बकुळीच्या फुलाला निसर्गतःच मध्ये भोक असते, म्हणून तर ती सुईवाचून ओवता येते. आणि क्रोशाचे गोल कामही बहुधा दोऱ्याच्या मोकळ्या कड्यापासूनच सुरू होते. त्या कड्याभोवती मुक्या खांबांची एक फेरी आणि तिच्यावर तीन-तीन साखळ्यांची टोकदार कंगोरी, एवढ्यात बकुळ उभी राहते. फिक्या बदामी दोऱ्यात केली तर वाळलेल्या बकुळीशी गल्लत व्हावी. मोगऱ्याची कळी करावयाची तर लांब साखळीतून चार-पाच साखळ्यांचा देठ काढावा, टोकाशी तीन-चार अपुरे खांब एकत्र मिटवावेत, आणि देठावरून परत मूळ साखळीवर यावे. कळ्या दोन्ही अंगांना दाट लावल्या की गजरा आपोआप वळतो. जास्वंदीच्या मात्र वाटेला जाऊ नये. तिची पाकळी रुंद नि लवचीक, आणि केसर लांब. दोऱ्यात ती पाकळी एकतर लोंबते, नाहीतर पुठ्ठ्यासारखी दिसते.

साहित्याविषयी चार शब्द. दागिन्याला लोकर वापरू नये; ती घामाने आणि घर्षणाने फुलते, गोळे धरते आणि पाकळीची कड हरवते. सुती, पिळाचा, मर्सराइज केलेला दोरा हाच खरा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने सुतावर दाहक सोड्याची प्रक्रिया शोधून १८५० साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा सूत बळकट झाले आणि रंग चांगला पिऊ लागले. चकाकी आली ती पुढे १८९० च्या सुमारास, होरेस लो याने त्याच प्रक्रियेत सूत ताणून धरले तेव्हा. म्हणजे हस्तकौशल्याच्या या मालावर जी रेशमी झाक आपण वाखाणतो ती यंत्रयुगाच्या रसायनशाळेची देणगी आहे. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक: दहा नंबर ठसठशीत, वीस सर्वसाधारण, चाळीस नाजूक, ऐंशी म्हणजे डोळ्यांची कसोटी. पोलादी सुया सामान्यतः पाऊण ते सव्वा मिलिमीटरच्या पुरतात. हात घट्ट असेल तर सुई किंचित मोठी घ्यावी, सैल असेल तर लहान; दागिन्यात हात थोडा घट्टच बरा, कारण सैल टाक्याची पाकळी चार दिवसांत मान टाकते.

पाकळी ताठ करण्याचे उपाय जुनेच आहेत: तांदळाची पेज, आरारुटाची खळ, साखरेचा पाक, आणि अलीकडे पाण्यात पातळ केलेला पांढरा डिंक. युरोपातल्या आज्यांनी आपल्या क्रोशाच्या टोपल्या साखरेच्या पाकात बुडवून उभ्या केल्या हे खरे. परंतु त्यांच्याकडे कोकणातला श्रावण नव्हता आणि आपल्या घरातल्या मुंग्याही नव्हत्या. खळ किंवा डिंकाचे पाणीच घ्यावे, फूल त्यात भिजवून पिळावे, पालथ्या वाटीवर टाचून पाकळ्या बोटांनी वळवाव्यात आणि सावलीत वाळू द्यावे. कडेत तार घालावयाची असेल तर ती तांब्याची किंवा पितळेची; लोखंडी तार पहिल्याच पावसाळ्यात गंजून फुलाला तांबडी कड देते. गडद लाल नि निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. आणि टोके! कामाची पारख टोकांवरून होते. फूल झाले की कात्रीने दोरा कापून गाठ मारण्याचा मोह होतो; तसे न करता शिल्लक दोरा शिवणाच्या सुईत ओवून खांबांच्या अंगातून एकदा पुढे, एकदा मागे असा फिरवून जिरवावा. रुखवताशी उभ्या राहणाऱ्या त्या बायका पाठ उलटून पाहत, त्या बरोबरच पाहत.

दागिना म्हणून या वस्तूचा एक गुण सर्वांत मोठा आहे, तो म्हणजे वजन. सोन्याचे भारी झुमके घालावयाचे तर कानाची पाळी ओघळू नये म्हणून वेल लावून भार केसांवर टाकावा लागतो. दोऱ्याचे तेवढेच मोठे कर्णफूल दिवसभर कानात आहे याची आठवणही राहत नाही. गळ्यातल्या सराला मागे धातूची साखळी लावण्याऐवजी ठुशीसारखी सरकती दोरी आणि गोंडा लावावा, हा पुस्तकातला सल्ला मला विशेष आवडला; त्याने मापाचा प्रश्न सुटतो आणि परक्या वळणाच्या आकड्याची गरज राहत नाही.

राहता राहिला भावाचा मामला. वीस नंबरच्या दोऱ्यातली साधीशी कर्णफुलांची जोडी म्हटली तरी विणणे, जोडणे, टोके जिरवणे, ताठ करणे आणि कड्या लावणे मिळून सरावाच्या हातालाही काही तास लागतात. प्रदर्शनात मात्र गिऱ्हाईक ती तळहातावर तोलून पाहते आणि नुसता दोराच तर आहे म्हणून किंमत निम्म्यावर आणू पाहते. त्या गिऱ्हाइकाची तक्रार करून उपयोग नाही, कारण विणणारीनेही आपला हिशेब कधी मांडलेला नसतो. म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना माझी विनंती अशी: प्रत्येक नमुना करावयास घेताना वहीच्या एका पानावर सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपून ठेवावी, दोऱ्याचा नि कड्यांचा खर्च निराळा लिहावा, आणि विकावयाचे ठरल्यास आपल्या गावी शिवणकामाला जी रोजनदारी मिळते तिच्यापेक्षा कमी दराने घडणावळ लावू नये. पहिल्या फुलासाठी पांढरा किंवा फिका दोरा घ्यावा, काळा घेऊ नये. काळ्यावर टाके दिसत नाहीत.